वर्गमुळाचा घातांक अर्धाच का?

१/ अ चा १/२ घात म्हणजे अ चे वर्गमूळ, हे शाळेत आपण नियम म्हणून पाठ केले. परंतु घात म्हणजे जर संख्येला स्वतःनेच पुनःपुन्हा गुणणे, तर 'अर्ध्या वेळा' गुणायचे कसे? हा प्रश्न पडलेल्याने संकोचू नये. युरोपातील गणितालाही ही खूण पचवण्यास सुमारे तीनशे वर्षे लागली.

२/ आरंभ १४व्या शतकातला. निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने गुणोत्तरांवरील लॅटिन ग्रंथात ४ चा दीडवा घात ८ असा काढला: ४ चा घन ६४, आणि ६४ चे वर्गमूळ ८. विचार अचूक होता. पण अज्ञात राशी अक्षराने लिहिण्याची रीत तेव्हा नव्हती, आणि ही युक्ती रुजली नाही.

३/ १६३७ मध्ये देकार्तने पूर्णांक घातांक आजच्यासारखे लिहिले. मुळांसाठी मात्र करणीचिन्हच ठेवले. (करणी हा शब्द आपल्याकडे फार जुना, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त करण्यांची बेरीज-वजाबाकी आहे.)

४/ खरे उत्तर ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसच्या १६५६ च्या ग्रंथात सापडते, आणि पाठ्यपुस्तके नेमके तेच गाळतात. बाजू १ असलेला चौरस घ्या. त्यात क्ष-वर्गाचा वक्र काढला, तर त्याखालचे क्षेत्र १/३. घनाचा वक्र काढला, तर १/४. म्हणजे घातांकात १ मिळवून त्याने १ ला भागायचे. आता वर्गाच्या वक्रावर उरलेला भाग पाहा. तो २/३. अक्षांची अदलाबदल केली, की हाच भाग वर्गमुळाच्या वक्राखालचा ठरतो. १ ला कितीने भागल्यास २/३ येतात? दीडने. दीड म्हणजे १/२ अधिक १. वर्गमुळाला दुसरा कोणताही घातांक दिला, तर नियम मोडतो!

५/ तरी वॉलिस लिहिताना मूळचिन्हच वापरत राहिला. १६६४-६५ च्या हिवाळ्यात त्याचा ग्रंथ वाचणाऱ्या तरुण न्यूटनने पुढचे पाऊल टाकले. १३ जून १६७६ रोजी लाइब्निझसाठी ओल्डेनबर्गला पाठवलेल्या पत्रात तो आवर्जून सांगतो, की अअ ऐवजी जसा घात २ लिहितात, तसा वर्गमुळासाठी आपण १/२ लिहितो. सांगावे लागले, यावरूनच खूण किती नवी होती ते कळते.

६/ सोय किती झाली पाहा. अ-वर्गाचे घनमूळ गुणिले अ चे वर्गमूळ: जुन्या रीतीने दोन्ही सहाव्या मुळात आणा, मग गुणा. नव्या रीतीने २/३ + १/२ = ७/६. संपले.

७/ न्यूटनला मात्र एवढ्यावर थांबायचे नव्हते. द्विपद विस्तारात घातांक १/२ ठेवून त्याने (१ − क्ष²) च्या वर्गमुळाची अनंत श्रेणी मिळवली: १ − क्ष²/२ − क्ष⁴/८ − … सिद्धता हाती नव्हती. म्हणून त्याने त्या श्रेणीला तिनेच गुणून पाहिले. पुढची सारी पदे एकमेकांत विरली आणि १ − क्ष² तेवढे उरले.