अपंग नातवंडे आणि आजी-आजोबा

स्मरणिकेसाठी जुन्या काळाविषयी काही लिही, असे मला सांगण्यात आले. मी सातवी शिकलेली. मोठा इतिहास मला काय लिहिता येणार! पण जो इतिहास घरात घडला आणि कोणी लिहून ठेवला नाही, त्याविषयी चार शब्द लिहिते.

अपंग मुलांसाठी मुंबईत जे काम उभे राहिले, ते पुष्कळदा आईबापांच्या तळमळीतून. १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मतिमंद मुलीसाठी घरातच शाळा काढली. तीच पुढे जय वकील शाळा झाली. १९४७ साली फातिमा इस्माइल यांनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांची नावे राहिली, राहायलाच हवीत. आजी-आजोबांची नावे मात्र कोठेच नाहीत.

आमच्या घरचेच सांगते. माझ्या थोरल्या चुलत बहिणीला १९६७ साली, दीड वर्षाची असताना, पोलिओ झाला. सुनेने ग्रहण पाळले नसेल, अशी चाळीत कुजबुज सुरू झाली. आजीने गॅलरीत उभे राहून सर्वांना ऐकवले, "दुखणे कुणाच्या पापाने येत नाही. माझ्या सुनेला बोलायचे असेल त्याने आधी मला बोलावे." त्या दिवशी आपल्याला माहेर आठवले नाही, असे काकू आजही सांगते.

पोलिओने गेलेली शक्ती परत आणणारे औषध नव्हते, आजही नाही. पाय आखडू नये म्हणून रोज व्यायाम करून घ्यावा लागे. आजी तिला परळहून हाजीअलीच्या इस्पितळात नेई आणि तेथे पाहिलेला व्यायाम घरी न चुकता करून घेई. शाळेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा तिला पाठुंगळी घेऊन जिने चढत. चौथीत ती जड झाली, आजोबांना दम लागू लागला. तेव्हा मास्तरांनी वर्गच तळमजल्यावर आणला. बहीण दहावी पास झाली.

पुढे १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला, २०१६ साली नवा आला. लसीमुळे देशाला २०१४ साली पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पण इतर अपंगत्व असलेली मुले आजही घरोघरी आहेत, आणि त्यांना सांभाळणारे म्हातारे हात थकतातच. अशा घरातील आजीला आठवड्यातून दोन तास मोकळीक द्यावी, आपले कार्यक्रम तळमजल्यावर ठेवावेत, एवढे तरी आपल्या मंडळाने करावे. मास्तरांना जमले, ते आपल्याला का जमू नये?