शेपटी लपवलेले प्रेमपत्र

४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेले एक 'प्रेमपत्र' ई-मेलने जगभर पसरले. सोबतच्या फाइलचे नाव 'टीएक्सटी' या साध्या मजकुराच्या खुणेने संपल्यासारखे दिसे. प्रत्यक्षात पुढे 'व्हीबीएस' ही आणखी तीन रोमन अक्षरे होती. म्हणजे तो मजकूर नव्हे, संगणकाला दिलेल्या आज्ञा होत्या. पण विंडोज ही शेपटी आपणहून लपवी! फाइल उघडली की चित्रे पुसली जात आणि पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र जाई. म्हणजे ते येई ओळखीच्याच माणसाकडून. आपण अनोळखी पाकिटाला बिचकतो. इथे ओळखच घात करी. संशयित तरुण सापडला, पण फिलिपिन्समध्ये त्याला लागू पडणारा कायदाच नव्हता. तो जूनमध्ये झाला; मागच्या कृत्याला लावता येईना.