पाव मैलाची शर्यत आणि घरची मोटार

१९५० सालच्या उन्हाळ्यांत दक्षिण कॅलिफोर्नियांतील सांता ॲना येथील विमानतळाची एक धांवपट्टी रविवारपुरती मोटारींच्या शर्यतीसाठीं मोकळी होऊं लागली. सी. जे. हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें चालविलेला खेळ अगदीं साधा होता. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहावयाच्या, इशारा होतांच सुटावयाच्या, आणि १३२० फूट, म्हणजे पाव मैल, जी आधीं पुरा करील ती जिंकावयाची.

त्यापूर्वीं ही हौशी मंडळी वेग मोजण्यासाठीं मोहावे वाळवंटांतील मुरॉक, एल् मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जात. त्यासाठीं १९३७ सालीं एक संस्थाही निघाली होती. परंतु वाळवंट दूर, आणि हौस तर रोजची. म्हणून पुष्कळ तरुण रात्रीं गांवच्या रस्त्यांवरच शर्यती लावीत. त्यांत माणसें मरत, लोक संतापत, आणि पोलिसांच्या लेखीं फेरफार केलेली प्रत्येक जुनी मोटार संशयित ठरे.

या शर्यतींत फोर्ड गाडी फार लोकप्रिय. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या आवांक्यांत आणलें होतें, आणि पुढें अशा वापरलेल्या गाड्या स्वस्तांत मिळूं लागल्या. शर्यतीची तयारी म्हणजे गाडींत कांहीं तरी भर घालणें, असा समज सहज होईल; पण पहिलें काम नेमकें उलट होतें. जादा चाक, बंपर, मडगार्ड, मागची बैठक, सारें उतरवावयाचें. उभ्या गाडीस वेग द्यावयाचा तर वजन हाच पहिला शत्रु, आणि तो घालविण्यास पान्याखेरीज खर्च नाहीं! मग सायलेन्सर टाळून धुरास मोकळी वाट करून देत. ज्याची ऐपत असेल तो दोन कार्बुरेटर बसवी, सिलिंडरचें झांकण घांसून आंतील दाब वाढवी, आणि मागच्या आंसाचे गिअर बदली. या शेवटच्या युक्तीनें कमाल वेग घटतो, पण सुटतांना जोर मिळतो. पाव मैलांत तोच जोर अधिक कामाचा.

खरी परीक्षा क्लचपाशीं होई. तो एकदम सोडला तर चाकें जागींच गरगरत आणि टायरांतून धूर निघे. फार हळू सोडला तर शेजारची गाडी पुढें निघून जाई. फोर्डच्या गिअरपेटीचे दांते तुटणें तर नेहमींचेंच. त्याहून भयंकर फ्लायव्हील. रोजच्या वापरासाठीं ओतलेलें हें बिडाचें चक्र मर्यादेबाहेर फिरविलें म्हणजे फुटण्याचा धोका असे, आणि त्याचे तुकडे गाडीचा तळ फोडून थेट चालकाच्या पायांवर येत. याची जाण घरांतल्या शेडमध्यें रात्र रात्र खपणाऱ्या मुलांस क्वचितच असे.

१९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापिली तेव्हां याच गोष्टींवर भर दिला. एप्रिल १९५३ मध्यें पोमोना येथील जत्रेच्या मैदानावरील वाहनतळावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. १९५४ सालीं तिचे चार कार्यकर्ते एका स्टेशन वॅगनला ट्रेलर जोडून गांवोगांव फिरले. त्यांपैकीं एक पोमोनाचाच माजी पोलिस होता. शर्यत कशी चालवावी, गाडी कशी तपासावी, हें ते स्थानिक मंडळांस शिकवीत. ब्रेक, सुकाणूचे सांधे, बैठकीचा पट्टा, एकेक पाहून मगच गाडी रेषेवर सोडावयाची. तपासनीस नाहीं म्हणाला, तर उतरविलेलीं मडगार्डें पुन्हां चढवावयाचीं, आणि सोमवारीं त्याच गाडींतून कामावर जावयाचें.