नावातले अक्षर आणि १२८ घरे

१/७ यादीत नाव डोळ्यांना दिसते, पण शोधले तर सापडत नाही. कधी फाइल उघडताच मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात, तर कधी प्रोग्रामच बंद पडतो. स्प्रेडशीटच्या या दुखण्याचे मूळ शोधत गेलो, तर आपण १९६३ सालापाशी पोहोचतो. #धागा

२/७ संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. १९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ हा क्रमांकांचा तक्ता प्रमाण ठरला. घरे अवघी १२८. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान अक्षरेही नव्हती. १९७९ साली ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ हे स्प्रेडशीट ॲपल टू संगणकावर आले, तेव्हा त्याच्या पडद्यावर केवळ मोठी रोमन अक्षरे उमटत.

३/७ पुढे घरे २५६ झाली. पण वाढीव घरांत काय ठेवावे यावर एकमत नव्हते. फ्रेंच नावांतला, डोक्यावर तिरपी रेघ असलेला ‘ई’ आयबीएम पीसीच्या मूळ तक्त्यात १३०व्या घरात होता, तर विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात २३३व्या. भारतात १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाण आले. तरीही अनेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवीत राहिले. फाँट बदलला की नाव विस्कटे.

४/७ १९९१ साली युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र घरे दिली. त्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. मात्र सीएसव्ही फाइल आपली पद्धत सांगत नाही. एक्सेल पुष्कळदा जुना तक्ता गृहीत धरते आणि एका चिन्हाची तीन भलतीच चिन्हे होतात.

५/७ मराठीची अडचण आणखी सूक्ष्म आहे. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन रीतींनी साठवता येते : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखी. स्प्रेडशीटच्या लेखी दोन निराळी माणसे.

६/७ अशा अदृश्य चिन्हाने प्रोग्रामही कोसळू शकतो. याचा पुरावा स्प्रेडशीटबाहेर, आयफोनवर मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ हे जोडाक्षर, आत एक अदृश्य चिन्ह घेऊन, पडद्यावर आले की ॲप बंद पडे. दोष अक्षरे मांडणाऱ्या प्रणालीत होता. ॲपलने त्याच महिन्यात तो दुरुस्त केला.

७/७ उपाय साधे आहेत. सीएसव्ही फाइल थेट न उघडता ‘डेटा’ मेनूतून आयात करावी आणि ‘६५००१ : यूटीएफ-८’ निवडावे. दोन याद्या जुळवण्यापूर्वी ‘ऱ्ह’चे एकच रूप ठरवून सर्वत्र तेच बदलून घ्यावे. नावाचे स्पेलिंग मात्र यंत्राच्या सोयीसाठी मोडू नये. चूक १२८ घरांच्या हिशेबाची आहे, कऱ्हाड्यांची नव्हे.