झाडीपट्टी आणि दूरचित्रवाणीचे धनी

दिवाळी उलटली की गडचिरोली जिल्ह्यातील वडसा या गावी नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्यांपुढे खेड्यापाड्यांतून आलेल्या मंडळींची वर्दळ सुरू होते. कोणत्या तिथीस कोणते नाटक आपल्या गावी आणावयाचे, त्याची बोलणी तेथे होतात. पुढे होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या झाडीपट्टीच्या मुलखात रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत पडत नाही. अंगावर घोंगडी घेऊन, पदरचे पैसे मोजून तिकीट काढलेली माणसे थंडीत बसून असतात. या रंगभूमीचे नट श्री. परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षित घरांत तिचे नाव प्रथम पोहोचले.

ज्या प्रेक्षकवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या आपली रंगभूमी स्वतःच्या खर्चाने जगविली, त्याच्या झाडीबोलीस आणि त्याच्या शेजारच्या माडिया-गोंडीस मराठी दूरचित्रवाणीवर मानाची जागा का लाभू नये, हा प्रश्न सहजच मनात येतो. वाहिन्या थोड्या धनिकांच्या मुठीत गेल्या म्हणून, असे त्याचे तयार उत्तर देण्याची आज रीत आहे. हे उत्तर मला अर्धेच खरे वाटते.

कारण आरंभी तर धनी एकच होता, आणि तो म्हणजे सरकार. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या एकुलत्या एका केंद्रावर शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ होते, साहित्याच्या चाहत्यांसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ होते. आज ज्यास मूठभरांचे कार्यक्रम म्हणून नाके मुरडली जातात, तेच तेथे ऐन संध्याकाळी लागत. मात्र या थोरवीसही सीमा होती. 1984 च्या सुमारास देशभर जे लहान प्रक्षेपक उभारले गेले, ते मुख्यतः दिल्लीचाच कार्यक्रम पुढे ढकलीत. त्यामुळे मुंबईपासून दूरच्या कितीतरी गावांत दूरचित्रवाणीची पहिली भाषा हिंदी ठरली.

पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1952 साली नभोवाणीविषयी एक चमत्कारिक वाटणारा सिद्धांत मांडला होता. तो आपल्या पद्धतीने सांगतो. एका गावात शंभर श्रोते आहेत असे समजा. ऐंशींना विनोदी नाटक हवे, विसांना शेतीची माहिती हवी. तीन केंद्रांचे तीन निरनिराळे धनी असतील तर तिघेही विनोदी नाटकच लावतील. ऐंशींचा तिसरा हिस्सा म्हणजे सव्वीस-सत्तावीस, आणि तो विसांपेक्षा मोठाच! उलट तिन्ही केंद्रे एकाच्याच हाती असली तर तेच नाटक दोनदा लावून त्यास काही अधिक मिळावयाचे नाही. म्हणून तो दुसरे केंद्र त्या विसांना देईल. अर्थात ते वीस त्याच्या हिशेबात धरलेले असले तर. सारी मेख येथेच आहे.

1999 साली अल्फा मराठी आली, तीच पुढे झी मराठी झाली. 2000 साली रामोजी राव यांनी हैदराबादेहून ई टीव्ही मराठी सुरू केली. धनी परप्रांतीय, कचेरी तेलंगी मुलखात. तरी या वाहिनीवर सकाळी ‘अन्नदाता’ हा शेतीचा कार्यक्रम होता. त्याचे कारण व्यापारी गणितात शोधून सापडणार नाही. याच नावाचे शेतकी मासिक रामोजी राव 1969 पासून काढीत होते. ती त्यांची स्वतःची आवड होती. धन्याच्या लहरीवर चांगली गोष्ट जगावी, हे काही भूषणावह नव्हे. पण ती जगली, एवढे मान्य केले पाहिजे.

पुढचा व्यवहार झपाट्याने झाला. 2012 च्या जानेवारीत टीव्ही 18 ने ई टीव्हीच्या वाहिन्या विकत घेण्याचा मनोदय जाहीर केला व 2014 च्या आरंभी तो तडीस नेला. त्याच वर्षी नेटवर्क 18 हा समूहच रिलायन्सच्या ताब्यात गेला. 2015 च्या मार्चमध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली आणि 2018 साली त्या वाहिनीवर ‘बिग बॉस’ मराठीत अवतरला. मूळ खेळ हॉलंडातील, 1999 सालचा. ज्याच्या पदरी अनेक भाषांतील वाहिन्या आहेत, त्यास एकच साचा भाषा पालटून फिरविणे स्वस्त पडते. झाडीबोलीतील नाटकाचा असा साचा कोठून काढावयाचा? स्टायनरच्या हिशेबातील धनी एका गावापुरता होता. हा धनी साऱ्या देशाचा हिशेब एका वहीत मांडतो.

आणि त्या वहीत झाडीपट्टीचा आकडाच नव्हता. जाहिरातींचा भाव ज्या प्रेक्षकगणनेवरून ठरे, तीत खेडी धरलेली नव्हती. बार्क या नव्या संस्थेने 2015 च्या ऑक्टोबरात खेड्यांचे आकडे प्रथम दिले. पंधरा-सोळा वर्षे खाजगी मराठी वाहिन्यांनी आपले कार्यक्रम घडविले ते गडचिरोलीच्या खेड्यांतील माणूस जमेस न धरता. या अवधीत धनी एक असता वा दहा असते, तरी त्या माणसाच्या पदरात काय पडले असते याची मला शंकाच आहे. तथापि धनी पुष्कळ असले म्हणजे एखादा तरी शेतीची आवड असलेला निघण्याचा संभव उरतो. ते जसजसे कमी होतात तसतसा तोही ओसरतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2014 च्या ऑगस्टमध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. 14 नोव्हेंबर 2024 रोजी रिलायन्स व डिस्ने यांचे भारतातील माध्यमव्यवहार एकत्र झाले. काही वाहिन्या विकून टाकण्याचे बंधन स्वीकारल्यावरच स्पर्धा आयोगाने त्यास संमती दिली होती.

वडशाच्या मंडळ्या पन्नासच्या आसपास आहेत. त्यांचे धनी निरनिराळे, बहुधा स्वतःच नट किंवा नाटककार. शंकरपटांवर 2014 साली न्यायालयीन बंदी आली तेव्हा, ज्या पटांच्या जत्रेत ही नाटके वाढली त्या जत्राच ओस पडल्या. नाटके मात्र चालूच राहिली. तेथे प्रेक्षक मोजावयास यंत्र लागत नाही. तिकिटाच्या खिडकीशी बसलेल्या माणसास मध्यरात्रीपूर्वीच नेमका आकडा ठाऊक असतो.