मृगवन आणि ठासणीची बंदूक

सुरतेहून नवसारीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना व सचीन यांच्या मध्ये भेस्तान लागते. गिरण्यांच्या ह्या गजबजाटात हरिणांची चर्चा निघावी हे चमत्कारिकच; पण आमच्या येथील बैठकीत ती निघाली खरी. कोकणातून येऊन स्थायिक झालेले एक वृद्ध स्नेही म्हणाले, “आमचा भाचा अमेरिकेत हरिणांसाठी मुद्दाम शेत पेरतो, रिकाम्या पितळी काडतुसांत स्वहस्ते दारू व गोळी भरतो, आणि त्याच शेतावर चरावयास आलेले हरीण मारतो. वकीलसाहेब, ह्यात दोष कोणता?”

प्रश्न जुनाच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या विहारासाठी मृगवन सांगितले आहे. त्यास एकच द्वार, सभोवती खंदक. आत गोड फळांची झाडे, काटे नसलेले वृक्ष, उथळ पाणी आणि माणसाळलेले मृग. पण लगेच पुढे तो दुसरे मृगवन सांगतो, आणि तेथे सर्व प्राणी अतिथी होत. विहार आणि आतिथ्य ह्यांची जागा त्याने एक होऊ दिली नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

महाभारताच्या आदिपर्वातील किंदम ऋषींचा युक्तिवादही वकिलाने वाचावा असा आहे. मृग मारणे हा राजांचा आचारच आहे, असा बचाव पांडू करतो. ऋषी तो मुद्दा खोडीत नाहीत. मृगवधाबद्दल आपण दोष देत नाही, मीलनाची वेळ टळेपर्यंत तू थांबला नाहीस हा तुझा अपराध, असे ते म्हणतात.

आमच्याच गुजरातेत भावनगरच्या राजांनी वेळावदरचे गवताळ रान राखले होते. त्यात काळवीट वाढत आणि त्यांच्यावर शिकवलेले चित्ते सोडले जात. (काळवीट शिंगे गाळीत नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्यास खरे हरीण मानीत नाहीत, लोकभाषा मानते.) त्याच रानात १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झाले. गवत तेच राहिले, ते राखण्याचा हेतू बदलला.

अमेरिकेतील काही राज्यांत दाण्याची रास ओतून हरीण मारणे निषिद्ध, परंतु पेरलेल्या शेतावर मारणे चालते. आमच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मात्र ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच हाकणे आणि आमिष दाखविणे येते. मारण्याच्या हेतूने पेरलेले शेत हे आमच्या मते आमिषच होय, मग भाचेबुवांनी नांगर कितीही प्रेमाने धरलेला असो.

“मग आमच्या तीर्थरूपांची बंदूक?” स्नेह्यांनी विचारले. ती ठासणीची होती: नळीत दारू ओतावी, वर चिंधी, गजाने ठासावे, मग छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी टोपी. हातभरणीच ती, पण हौसेची नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणार्थ अशा बंदुकीच्या परवान्याची स्पष्ट तरतूद आहे. तथापि तो परवाना बंदुकीचा, हरिणाचा नव्हे. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारावयाचे तर अधिकाऱ्याचा लेखी व सकारण हुकूम निराळा लागतो, आणि काळविटाच्या बाबतीत पिकाचे कारण मुळीच चालत नाही.

स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भात आम्ही आमच्यासाठी पेरीत होतो हो. हरणांना कुणी बोलावले नव्हते.”