हप्त्याआधीची रोकड

‘हप्ता’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा आठवडा. कर्ज आठवड्याऐवजी महिन्याला फेडायची रीत पडली, तरी शब्द तोच राहिला. अमेरिकेत आज महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी नवी गाडी घ्यायला दुकानात जाते, तेव्हा बोलणे बहुधा या हप्त्यापासूनच सुरू होते : महिन्याला किती जमेल? थोडी कमाई असणाऱ्याला हा प्रश्न मोठा सोयीचा वाटतो, कारण त्याचे उत्तर त्याच्या आवाक्यातले असते. पण मोटारकर्जाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न मुळात तिसरा होता असे दिसते. पहिला होता, हातात रोख किती आहे? दुसरा, कर्ज किती महिन्यांत फिटेल? हे दोन प्रश्न हळूहळू मागे पडले आणि तिसरा एकटा उरला. विद्यार्थ्यासाठी मोटारकर्ज धोक्याचे ठरते ते या बदलामुळे. कर्ज ही गोष्ट मुळातच वाईट आहे म्हणून नव्हे.

हेन्री फोर्ड यांना कर्जाने गाडी विकणे मनापासून नापसंत होते. त्यांची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. कारखान्यातली कार्यपद्धती सुधारत त्यांनी ती उतरवत नेली, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास तिचा सर्वांत साधा नमुना २६० डॉलरपर्यंत मिळू लागला. किंमत पुरेशी खाली आणली की लोक रोखीने गाडी घेतील, असा त्यांचा विश्वास होता. १९२३ मध्ये त्यांनी एक योजनाही आणली. ग्राहकाने दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत जमा करायचे आणि पूर्ण रक्कम साठली की गाडी घेऊन जायची. अक्षरशः हा हप्ताच होता, पण तो गाडी मिळण्याच्या आधीचा. दुसरीकडे जनरल मोटर्सने १९१९ मध्येच स्वतःची पतपुरवठा कंपनी काढली होती. थोडी रक्कम रोख भरा, गाडी आजच न्या आणि बाकी पुढच्या महिन्यांत फेडा, अशी तिची रीत होती. लोकांनी दुसरी वाट निवडली. त्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या चारपैकी जवळजवळ तीन गाड्या हप्त्याने विकल्या जात होत्या, आणि १९२८ मध्ये फोर्ड कंपनीलाही स्वतःची पतसंस्था उभारावी लागली.

या विजयाची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या अटी सैल नव्हत्या. किमतीचा साधारण एक तृतीयांश भाग आधी रोख आणि उरलेली रक्कम बारा महिन्यांत, असा दंडक होता. त्यामागे गाडी या वस्तूची साधी समज होती. घर किंवा जमीन वर्षानुवर्षे किंमत धरून राहते. गाडीची किंमत दुकानाबाहेर पडल्या दिवसापासून उतरायला लागते, आणि ती सगळ्यांत वेगाने उतरते पहिल्या वर्षात. म्हणून कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा लवकर उतरले पाहिजे. तसे झाले, तर संकटात ग्राहक गाडी विकून मोकळा होऊ शकतो आणि सावकारही बुडत नाही. कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी १९२७ मध्ये हप्तेविक्रीवर दोन खंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो जनरल मोटर्सच्याच पुढाकाराने झाला होता आणि त्यात हप्त्यांची बाजू उचलून धरली होती. तरीही सेलिग्मन यांच्या आकडेवारीतून एक गोष्ट स्पष्ट झाली : रोख भरणा जितका कमी आणि मुदत जितकी लांब, तितकी गाडी परत ओढून आणण्याची वेळ जास्त. हप्त्यांच्या समर्थकाच्या अभ्यासातून निघालेला हा निष्कर्ष आहे, म्हणून त्याचे वजन अधिक.

पुढे या दंडकाला सरकारी नियमाचे रूप आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई आवरण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने १९४१ मध्ये हप्तेकर्जांवर बंधने घातली. गाडीसाठी किमान एक तृतीयांश रोख आणि जास्तीत जास्त अठरा महिन्यांची मुदत असे त्यांचे पहिले स्वरूप होते. ही बंधने मधे उठली, पुन्हा आली आणि १९५२ मध्ये कायमची गेली. त्यानंतर मुदत ताणली जाऊ लागली. १९५५ च्या विक्रमी विक्रीच्या वर्षी छत्तीस महिन्यांची कर्जे रूढ होत होती. आज नव्या गाडीच्या कर्जाची सरासरी मुदत पाच वर्षांहून अधिक आहे, आणि बहात्तर किंवा चौऱ्याऐंशी महिन्यांचे कर्जही सहज मिळते. गाड्या महागल्या हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की मुदत वाढवली की किंमत तीच राहूनही हप्ता लहान दिसतो. मोठी रक्कम लहान दाखवण्याची ही ओढ जुनी आहे. १९३० च्या दशकात मोटार कंपन्यांनी ‘सहा टक्के’ व्याजाची जाहिरात केली. हे सहा टक्के वर्षभर मूळ रकमेवर धरले जात होते. ग्राहक मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत होता, म्हणजे वर्षभरात सरासरीने त्याच्याकडे जवळपास निम्मेच कर्ज उरत होते. खरा दर त्यामुळे जवळजवळ दुप्पट पडत होता. संघीय व्यापार आयोगाने या जाहिरातीला हरकत घेतली आणि १९४० मध्ये अपील न्यायालयाने जनरल मोटर्सविरुद्धचा आयोगाचा आदेश कायम ठेवला. वार्षिक खरा दर कर्जदाराला लेखी सांगण्याची सक्ती मात्र १९६८ च्या कायद्याने झाली.

या सगळ्यात विद्यार्थी कुठे होता? बराच काळ तो बाहेरच होता. डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या मिशिगन विद्यापीठाने १९२७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना गाडी वापरायला बंदी केली. गाड्यांच्या राजधानीशेजारच्या विद्यापीठाने हे करावे, यावरून त्या काळच्या शिक्षकांना वाटणारी काळजी कळते. अपघात वाढले होते आणि अभ्यासावरचे लक्ष उडत होते. कायद्याचा अडसर आणखी पक्का होता. अमेरिकेत सज्ञान होण्याचे वय परंपरेने एकवीस वर्षांचे होते. त्याआधी केलेला करार अज्ञान व्यक्तीला मोडता येत असे, म्हणून कोणताही शहाणा सावकार वडिलांच्या सहीशिवाय विद्यार्थ्याला कर्ज देत नव्हता. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने मतदानाचे वय अठरावर आले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी सज्ञानतेचे वयही अठरा केले. मताचा हक्क मिळाला, त्याच्या पाठोपाठ कर्जाच्या कागदावर सही करण्याचा हक्कही आला. सही मिळाली, पण उत्पन्न होते तेवढेच राहिले. या दोहोंमधले अंतर २००९ मध्ये कायद्यानेही मान्य केले. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला क्रेडिट कार्ड द्यायचे, तर तिची स्वतःची फेडण्याची ऐपत दिसली पाहिजे किंवा एकवीस पूर्ण केलेला सहकर्जदार हवा, अशी अट त्या वर्षी आली. मोटारकर्जाला मात्र ती लागू नाही, जरी त्याची रक्कम कार्डावरच्या उधारीपेक्षा बहुधा कितीतरी मोठी असते.

एका उदाहरणातून हे नीट दिसते. पंचवीस हजार डॉलरची नवी गाडी, रोख काहीच नाही, दहा टक्के व्याज आणि चौऱ्याऐंशी महिन्यांची मुदत धरू. हप्ता सुमारे ४१५ डॉलर बसतो आणि शेवटपर्यंत जवळजवळ ९,८६० डॉलर व्याज जाते. दोन वर्षे नेमाने फेडल्यावरही सुमारे १९,५०० डॉलर देणे उरते. याच सुमारास विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होते, तो शहर बदलतो, किंवा अर्धवेळ नोकरी सुटते. हप्ते थांबले तर गाडी जप्त होते. तिच्या लिलावातून जी रक्कम येईल ती देण्यापेक्षा कमी भरली, तर उरलेला फरकही त्याच्याच नावावर राहतो, म्हणजे गाडी गेल्यावरही कर्ज उरते. आता १९४१ चा जुना दंडक लावून पाहू. तेच महिन्याचे ४१५ डॉलर अठरा महिन्यांत सुमारे ६,९०० डॉलरचे कर्ज फेडतात. तेवढे कर्ज दोन तृतीयांश धरले, तर गाडी सुमारे १०,३५० डॉलरची असू शकते आणि आधी ३,४५० डॉलर साठवलेले हवेत. बहुधा ही गाडी जुनीच असेल. म्हणजे जुना नियम विद्यार्थ्याला गाडी नाकारत नाही. तो त्याला परवडणारी गाडी दाखवतो.

यावर पहिला आक्षेप असा की कडक अटींमुळे गाडी श्रीमंतांचीच राहिली असती आणि सैल कर्जानेच ती सामान्यांच्या दारात आणली. यातले अर्धे खरे आहे. हप्त्याने गाडी सामान्यांकडे नेली यात शंका नाही. पण तो प्रसार झाला तेव्हा एक तृतीयांश रोख आणि वर्षभराची मुदत हाच दंडक चालू होता. सैलपणा नंतर आला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या पुष्कळ भागांत बस आणि रेल्वे अपुरी आहे, नोकरीच्या ठिकाणी जायला गाडीच लागते, आणि जुन्या गाडीची दुरुस्ती कधीही समोर उभी राहते. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाचा दर बहुधा जास्त असतो. हे सगळे मान्य करूनही हिशेब फिरत नाही. चार हजार डॉलरच्या कर्जावर दर चढा असला तरी अठरा महिन्यांत व्याजाची रक्कम काही शेकड्यांतच राहते, आणि वाचलेल्या हजारो डॉलरमधून दुरुस्ती भागते. गरज गाडीची आहे. ती नवीच असली पाहिजे हे त्या गरजेतून निघत नाही.

तिसरा आक्षेप पत बांधण्याचा. आज अमेरिकेत कर्ज मिळते ते बहुधा पतगुणांकावर, म्हणजे आधीच्या फेडीच्या नोंदीवरून काढलेल्या ‘क्रेडिट स्कोअर’वर. फेअर आयझॅक ही कंपनी १९५६ मध्ये सुरू झाली आणि सर्वसाधारण वापराचा तिचा गुणांक १९८९ मध्ये आला. ज्याने कधी कर्ज घेतले नाही, त्याची फेडीची नोंदच नसते, म्हणून लवकर कर्ज घेऊन पत बांधावी, असा सल्ला विद्यार्थ्यांना सर्रास मिळतो. पुण्या-मुंबईहून, नागपूर-छत्रपती संभाजीनगरहून पदव्युत्तर शिक्षणासाठी तिथे जाणाऱ्या मराठी मुलांपुढे हा प्रश्न अधिक तीव्र असतो. तिथे त्यांची पत शून्यापासून सुरू होते, विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीसच तास काम करता येते, आणि पुष्कळांच्या मागे मायदेशात घर तारण ठेवून काढलेले शैक्षणिक कर्ज असते. पत हवी हे खरेच. पण गुणांक वेळेवर फेडलेल्या कर्जाने वाढतो, त्यासाठी रक्कम मोठी असण्याची गरज नाही. लहान कर्ज वेळेवर फेडण्याची शक्यता जास्त, म्हणून पत बांधण्याचा खात्रीचा मार्गही तोच. ज्याच्या जामीनदाराने आधीच घर गुंतवले आहे, त्याने दुसऱ्या कागदावर कुणाची सही घेण्याआधी हा फरक ओळखावा.

फोर्ड यांची आठवड्याला पाच डॉलरची योजना फसली, कारण थांबायला कुणी तयार नव्हते. तिच्यातला एक कण मात्र जनरल मोटर्सच्या पहिल्या दंडकात टिकून होता : किमतीचा एक हिस्सा आधी साठवलेला असावा. त्या हिश्शामुळे कर्जदार पहिल्या दिवसापासून गाडीचा थोडा तरी मालक असतो, आणि अडचण आली की गाडी विकून बाहेर पडायची वाट त्याच्यासाठी उघडी राहते. कमी कमाईच्या विद्यार्थ्याला या वाटेची गरज इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे, कारण त्याच्या आयुष्यातली पुढची दोन वर्षे सगळ्यांत अनिश्चित आहेत. कायद्याने त्याच्यासाठी रोख भरण्याची अट आज ठेवलेली नाही. ती अट त्याने स्वतःच स्वतःला घालून घ्यावी, आणि महिन्याला किती जमेल याचे उत्तर देण्याआधी आपल्या हातात किती आहे ते मोजावे.